शनिवारच्या वर्गातले दिवे

"मराठीतच बोला, सर," भूपाल माझ्या कानाशी वाकून म्हणाला. "इंग्रजी शब्द शोधत बसू नका. मनातलं बोला. पुढचं मी बघतो."

समोर पाहुणे उभे होते. ब्रुसेल्सहून आलेले तिघे, डच मंत्रालयातल्या एक उंच बाई आणि विजेच्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघाचा एक गृहस्थ. सगळ्यांच्या अंगात पिवळी जाकिटं, डोक्यावर पांढरी हेल्मेटं. माझ्या मागे लांब टेबलाशी माझा शनिवारचा वर्ग बसला होता. त्या दिवशी खरं तर बुधवार होता. पण नेदरलँड्समध्ये बुधवारी शाळा दुपारीच सुटतात, म्हणून मुलांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. प्रत्येकापुढे एक टेबललॅम्प आणि एक ताटली.

"लीला कुठंय?" मी विचारलं.

"तिला आज रॉटरडॅमच्या गोदामात पाठवलंय. नेमकं आजच काम निघालं तिकडं." भूपालने माझी कॉलर नीट केली. "चला सर, सगळे थांबलेत."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली.

भूपाल चौगुले हा माझा मिरजेच्या शाळेतला विद्यार्थी. मी कार्यानुभव शिकवायचो. इतर शिक्षकांच्या लेखी तो विषय म्हणजे मोकळा तास, पण भूपाल शाळा सुटल्यावरही माझ्या खोलीतून हलायचा नाही. बिघडलेली इस्त्री दिसली की हा खाली मांडी ठोकून बसलाच. त्याची आई शाळेच्या दारात येऊन म्हणायची, "मास्तर, ह्याला घरी हाकला, नाहीतर ठेवून तरी घ्या." पुढे तो इंजिनिअर झाला, नेदरलँड्सला गेला आणि हेग शहराच्या कडेला, कालव्याजवळ त्याने स्वतःची कंपनी काढली. लोकांच्या घरातल्या मोडक्या विजेच्या वस्तू तिथे ट्रक भरभरून यायच्या. त्या एका अवाढव्य यंत्रात पडायच्या आणि पलीकडून तांबं, लोखंड, प्लास्टिक असे वेगवेगळे ढीग निघायचे. त्या यंत्राला मी चक्की म्हणायचो. काही फेकायचं नाही, सगळं पुन्हा वापरात आणायचं, अशी चक्रीय अर्थव्यवस्था उभी करायला तिकडची सरकारं निघाली होती आणि भूपाल त्या कामात पुढे होता. मला त्याचा अभिमान होता. तो मी लपवतही नव्हतो.

मी निवृत्त झाल्यावर त्याने मला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. "इथल्या पोरांना स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते ठाऊक नाही, सर. आवारात एक वर्ग काढू. तुम्ही शिकवा."

भाषेचं कसं करायचं हा प्रश्न लीला रामदीनने सोडवला. ती कंपनीत माल उतरवून घेण्याचं काम बघायची. तिचे पणजोबा बिहारमधून सुरिनामला, दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, ऊसमळ्यात गेले, ती स्वतः लहानपणी सुरिनामहून हेगला आली. तिची हिंदी भोजपुरी वळणाची, माझी मिरजेच्या वळणाची, पण जमलं. मी हिंदीत सांगायचो, ती मुलांना डचमध्ये सांगायची. मुलं मला 'मेस्टर' म्हणत. तिकडे प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना तसंच म्हणतात. पहिल्या दिवशी ते ऐकून मला हसूच आलं. इतक्या लांब येऊन मी पुन्हा मास्तरच.

माझी शिकवायची एक रीत आहे. वस्तू उघडताना निघालेला प्रत्येक स्क्रू ताटलीत मांडायचा, घड्याळातल्या आकड्यांसारखा गोल. पहिला निघालेला बाराच्या जागी, दुसरा एकच्या जागी. जोडताना उलट फिरायचं. ताटली कोणी हलवायची नाही, दुसऱ्याच्या ताटलीला हात लावायचा नाही. मुलांना हे फार आवडलं. याप नावाचा एक गुबगुबीत मुलगा तर घरी जेवतानाही वाटाणे तसे मांडतो, अशी तक्रार त्याच्या आईने लीलाकडे केली.

दिव्यांचं ठरलं ते रीममुळे. ती अकरा वर्षांची, सीरियातून आलेली. निर्वासितांच्या केंद्रात आईबरोबर एका खोलीत राहायची. त्या खोलीत आणखी एक कुटुंब होतं. एका शनिवारी मी विचारलं, पुढे काय दुरुस्त करायचं? कोणी म्हणालं मिक्सर, कोणी म्हणालं खेळण्यातली गाडी. रीम म्हणाली, "दिवे." लीलाने विचारलं, का? रीमने सांगितलं की त्यांच्या खोलीतला मोठा दिवा ठरल्या वेळी सगळ्यांसाठी बंद होतो, मग ती न्हाणीघरात बसून वाचते. तिथे बाहेरून कोणीतरी सारखं दार वाजवतं. केंद्रातली सगळीच मुलं न्हाणीघरात वाचतात.

यापने लगेच विचारलं, "केंद्रात मुलं किती आहेत?"

असं ते सुरू झालं. ट्रकमधून येणाऱ्या मालातून लीला आम्हाला टेबललॅम्प वेचून द्यायची. मी भूपालला विचारलं, "दुरुस्त झालेले दिवे केंद्राला द्यायचे म्हणतोय. चालेल ना?"

"का नाही, सर? उत्तम कल्पना आहे. परवान्याचं वगैरे मी बघतो."

मी मुलांना सांगितलं, सगळे दिवे पेटायला लागले की आपण स्वतः नेऊन देऊ. लीलाने ते डचमध्ये सांगितलं तेव्हा मुलांनी टेबल बडवलं होतं.

रीमने स्वतःसाठी एक हिरवा, पत्र्याचा दिवा निवडला. त्याची मान मोडलेली, आतली स्प्रिंग निसटलेली. सोपा दिवा घे म्हटलं तर ऐकेना. तीन शनिवार ती त्या स्प्रिंगशी झगडत होती. मी मदतीला हात पुढे केला की कोपराने ढकलायची. चौथ्या शनिवारी मान जिथे ठेवू तिथे राहिली. तिने दिवा खाली-वर, खाली-वर केला आणि माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवल्या.

तर त्या बुधवारी, पाहुण्यांसमोर मी मराठीत बोललो. छान बोललो. आपल्याच विद्यार्थ्याने परक्या देशात आपल्याला चार माणसांत उभं करावं आणि आपल्या भाषेत बोला म्हणावं, यासारखं सुख मास्तराला नसतं. मी म्हणालो, "वस्तू मोडते तेव्हा ती मेलेली नसते, आजारी असते. या मुलांनी हे दिवे बरे केलेत. आता ते केंद्रातल्या मुलांच्या उशाशी जातील. शनिवारी आम्ही ते स्वतः पोचवणार आहोत. या मुलांनी एकमेकांना तसा शब्द दिलाय, आणि मी त्यांना."

भूपालने ते डचमध्ये सांगितलं. हात हलवत, हसत, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मी पाहुण्यांकडे बघत होतो. उंच बाईंनी मान डोलावली. संघाच्या गृहस्थाने काहीतरी विचारलं, भूपालने यंत्राच्या दिशेने बोट दाखवून उत्तर दिलं, तो गृहस्थ समाधानाने हसला. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भूपालने वाकून माझ्या पायांना हात लावला. पाहुण्यांनी त्याचे फोटो काढले.

टाळ्यांच्या आवाजात मागे काहीतरी खरखरलं. मी वळून बघितलं. रीमने आपली ताटली उचलून तिरकी केली होती आणि गोल मांडलेले सगळे स्क्रू एका कोपऱ्यात गोळा झाले होते. तिने ताटली तशीच खाली ठेवली. याप माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता. बाकीची मुलं टेबलाकडे बघत होती.

मला वाटलं, एवढी मोठी माणसं बघून बिचकली असतील.

"शाब्बास!" मी मुलांना म्हणालो. तेवढा एक शब्द त्यांना येत होता. नेहमी तो ऐकला की ती ओरडून परत म्हणायची. त्या दिवशी कोणी म्हणालं नाही.

शनिवारी मी वेळेच्या आधीच आवारात पोचलो. दिवे बांधायला भूपालच्या बायकोकडून, सुनेत्राकडून, जुनी वर्तमानपत्रं मागून घेतली होती. खोली उघडली. फळी रिकामी होती. एकही दिवा नाही. मला वाटलं, भूपालने आधीच गाडीत भरून ठेवले असतील. मी टेबल पुसलं, ताटल्या मांडल्या.

कोणीच येईना.

बऱ्याच वेळाने याप आला, पण आईचा हात धरून. बुधवारी विसरलेली टोपी न्यायला आला होता. खुंटीवरून त्याने टोपी काढली आणि माझ्याकडे न बघता दाराकडे निघाला.

"याप!" मी हाक मारली.

तो थांबला नाही. तेवढ्यात लीला आत येत होती. तिने वाकून त्याला डचमध्ये काही विचारलं. त्याने मान खाली घालून उत्तर दिलं. तिने पुन्हा विचारलं. या वेळी तो मोठ्याने बोलला, आवाज चिरकला, आणि आईने त्याला जवळ घेतलं. दोघं निघून गेली.

लीला खोलीत आली आणि तिने दार लोटलं.

"गुरुजी, बुधवारी तुम्ही पाहुण्यांना काय सांगितलंत?"

मी सांगितलं. जसंच्या तसं, हिंदीत.

ती स्टुलावर बसली. "असं बोललात? आजारी वस्तू, उशाशी दिवे, असं?"

"हो. भूपालने सांगितलं ना सगळ्यांना."

"याप म्हणतो, मेस्टर बोलले की हे दिवे फक्त सरावासाठी आहेत. मुलांनी उघडावेत, शिकावं, एवढंच. नंतर सगळे यंत्रात जातात. या फाटकातून एक ग्रॅमसुद्धा बाहेर जात नाही, याची हमी मेस्टर देतात." लीलाने माझ्याकडे बघितलं. "मुलांना वाटतंय हे तुम्ही बोललात. तुमच्याच शेजारी उभा राहून तो बोलला. त्यांनी दुसरं काय समजावं?"

मी म्हणालो, "दिवे कुठे आहेत?"

ती उठली. आम्ही आवार ओलांडून चक्कीपाशी गेलो. शनिवारी यंत्र बंद असायचं. पलीकडच्या तोंडाशी पत्र्याच्या तुकड्यांचा ढीग होता, त्यात हिरव्या रंगाचे तुकडेही होते. हिरव्या वस्तू जगात पुष्कळ असतात. लीला तिथल्या पहारेकऱ्याशी बोलली आणि परत आली.

"गुरुवारी सकाळी टाकले. साहेबाने स्वतः सांगितलं होतं."

म्हणजे भूपाल पाहुण्यांना जे म्हणाला ते खरंच होतं. त्या खोलीत खोटं एकच होतं, मी मुलांना दिलेला शब्द.

दुपारी भूपाल मला घरी न्यायला आला. गाडीत बसल्यावर त्याने नेहमीसारखा माझा पट्टा लावून दिला.

"वर्ग लवकर सुटला का आज, सर?"

"वर्ग भरलाच नाही. भूपाल, दिवे चक्कीत घातलेस?"

त्याने गाडी सुरू केली, मग पुन्हा बंद केली. "लीला बोलली का?"

"मी तुला विचारतोय."

"घातले, सर." तो समोरच्या काचेकडे बघत बोलला. "इथं एखादी वस्तू कचरा म्हणून आत आली की कायद्याने ती कचराच. बाहेर द्यायची तर वेगळा परवाना, वेगळी तपासणी. दिव्याचा शॉक बसला कुणाला तर मी तुरुंगात. आणि आम्हाला मोजतात कशावर? वजनावर. किती किलो माल यंत्रातून गेला. दुरुस्त केलेल्या वस्तूला त्यात जागाच नाही. तुम्ही बोललात ते मी तसंच सांगितलं असतं, तर त्या बाईंनी तिथल्या तिथं फाटकाला कुलूप घातलं असतं."

"परवान्याचं तू बघणार होतास."

"बघणार होतो."

"अर्ज केलास?"

त्याने आरसा उगाच नीट केला.

"केला नाहीस."

"सर, तो परवाना घेतला की तेवढा माल वजनातून वजा होतो. पहिल्या वर्षी मला ते परवडणारं नव्हतं. साठ माणसं कामाला आहेत माझ्याकडे. तुम्ही एकदा मोठं चित्र बघा. हे यंत्र हजारो टन माल जमिनीत पुरण्यापासून वाचवतं. तुमच्याच शिकवणीतून आलंय ते. त्यापुढं तीसेक दिवे म्हणजे…"

"मग मला पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीस? दिवे द्यायला मिळणार नाहीत, एवढंच."

"तुम्ही वर्ग घेतला नसता."

"आणि वर्ग कशाला हवा होता?"

"पाहुण्यांना मुलं बघायची असतात, सर," भूपाल हळू आवाजात म्हणाला. "नुसतं यंत्र बघून कुणी टाळ्या वाजवत नाही."

शाळेत मी मुलांवर कधी ओरडलो नाही आणि गाडीतही ओरडणार नव्हतो. पण एक गोष्ट मला नीट समजून घ्यायची होती.

"मला इंग्रजी येतं, भूपाल. मोडकंतोडकं का होईना, एवढं सांगण्यापुरतं येतं. मग मराठीतच बोला असं का म्हणालास?"

तो बाहेर फाटकाकडे बघू लागला.

"आणि लीलाला नेमकं त्याच दिवशी रॉटरडॅमला?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आठवीत असतानाही त्या तशाच लाल व्हायच्या. पण तेव्हा त्या शरमेने लाल व्हायच्या, की पकडला गेल्यामुळे, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

"मुलांना काय सांगू?" मी विचारलं.

"काही सांगू नका." त्याने गाडी पुन्हा सुरू केली. "मुलं विसरतात, सर."

छत्तीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला तो हे सांगत होता. मी पट्टा काढला आणि गाडीतून उतरलो.

"सर, असं काय करता? सुनेत्रा जेवायची थांबलीय."

"तिला म्हणावं, थांबू नको."

लीला ट्रामच्या थांब्यावर उभी होती. मी तिला म्हटलं, मला केंद्रात ने. ती म्हणाली, "दिवा घेऊ या का वाटेत? दुकानं उघडी आहेत." मी नको म्हणालो. विकतचा दिवा नेला असता तर रीमने तो घेतला असता, थँक्यू म्हणाली असती, आणि आमचं बोलणं तिथेच संपलं असतं.

ट्राममध्ये मी लीलाकडून डचमधलं एक वाक्य शिकून घेतलं. 'मी तसं बोललो नव्हतो.' त्यातला एक उच्चार पार घशातून काढावा लागतो. मला तो जमेना. समोर बसलेली म्हातारी मला खोकल्याची गोळी देऊ लागली तेव्हा लीला इतक्या वेळात पहिल्यांदा हसली.

केंद्र म्हणजे एक जुनी सरकारी इमारत होती. रीमच्या आईने दार उघडलं. आम्हाला बघून ती गोंधळली, पण तिने आत बोलावलं, पलंगावरचे कपडे बाजूला केले, काचेच्या छोट्या पेल्यांत चहा दिला. रीम खिडकीपाशी भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली नाही.

मी उभा राहिलो आणि माझं वाक्य म्हटलं.

तिने कपाळाला आठ्या घातल्या. तिला कळलं नव्हतं. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला लागलो तेव्हा तिने स्वतःच ते वाक्य सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणून दाखवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तिच्यामागून म्हटलं. एका शब्दाला तिने मान हलवून नाही म्हटलं. मी तो सुधारला. मग तिने लीलाकडे बघून काही विचारलं.

"विचारतेय, मग तुम्ही काय बोललात?"

मी सांगितलं. आजारी वस्तू, उशाशी दिवे, शनिवार, शब्द. लीला एकेक वाक्य सांगत गेली. मी प्रत्येक वाक्यानंतर थांबत होतो आणि रीमचा चेहरा बघत होतो. लीलावर माझा विश्वास होता. तरी मी बघत होतो. त्या दिवसानंतर ती सवय मला लागली, ती अजून गेलेली नाही.

सगळं ऐकून झाल्यावर रीम भिंतीपासून पुढे आली. तिच्या आईला यातलं काहीच कळत नव्हतं. ती आमच्या पेल्यांत पुन्हा चहा ओतत होती.

"माझा दिवा?" रीमने विचारलं. एवढं मला लीलाशिवाय कळलं.

"मोडला," मी म्हणालो. "यंत्रात घातला. आता तो नाही."

तिने मान डोलावली. ते तिला बुधवारीच कळलं होतं. मला तोंडाने सांगता येतं का, एवढंच ती बघत असावी.

मग ती लीलाशी भरभर बोलायला लागली. लीलाने मध्ये एकदा तिला थांबवलं, काहीतरी समजावलं. रीम ऐकेना. माझ्याकडे बोट करून तेच पुन्हा म्हणाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"जाऊ द्या, गुरुजी. पोर आहे."

"लीला, जे म्हणते तेच सांग."

लीलाने पेला खाली ठेवला. "ती विचारतेय, तो माणूस तुमचा विद्यार्थी होता ना? तिच्याएवढा असताना तुमच्या वर्गात होता ना? तेव्हाही तो खोटं बोलायचा का?"

मला मिरजेची ती खोली आठवली. इस्त्रीपुढे मांडी घालून बसलेला मुलगा आठवला, दारातून ओरडणारी त्याची आई आठवली. मी खूप शोधलं. काही सापडलं असतं तर बरं झालं असतं.

"नाही," मी म्हणालो. "तेव्हा नाही."

लीलाने ते सांगितलं. रीम माझ्याकडे बघत राहिली, आणि मग वर्गात टेबलाशी बसणाऱ्या यच्चयावत मुलांची नावं, यापपासून सुरुवात करून, एकेक करून म्हणायला लागली. प्रत्येक नावानंतर ती थांबत होती. लीला भाषांतर करायला गेली तर मी हातानेच तिला थांबवलं. रीम मला विचारत होती, मोठेपणी तसा होणारा यांतला कोण.